भट्टीटोल्याची लेडल

चौकात तुम्हाला जे सोनेरी रंगाचं भलंमोठं भांडं दिसतं आहे, त्याला लेडल म्हणतात. वितळलेलं पोलाद भट्टीतून त्यात घ्यायचं, क्रेनने उचलायचं आणि साच्यांत ओतायचं. खालच्या पाटीवर ‘आमच्या औद्योगिक वैभवाचे स्मारक’ असं लिहिलं आहे. ती पाटी वाचली की मला शिसारी येते. तुम्ही बाहेरचे आहात, म्हणून ही लेडल इथे का आहे ते सांगतो.

भट्टीटोल्यात पोलादाचा कारखाना होता. तिथे दसरू मेश्राम नावाचा माणूस उंच मचाणावर उभा राहून खालच्या लेडलमध्ये धातूची भुकटी टाकायचा. मचाणाचा कठडा कुजला होता. कामगारांनी साहेबाला किती वेळा सांगितलं. साहेब म्हणे, बंदच्या काळात बघू. कारखाना कधी बंद राहायचाच नाही. एका दुपारी कठडा तुटला आणि दसरू भरल्या लेडलमध्ये पडला. किंकाळीसुद्धा ऐकू आली नाही, असं सांगतात. थोडा धूर निघाला, आणि पोलाद पुन्हा पहिल्यासारखं लाल दिसू लागलं.

क्रेनवर बिसन गेडाम होता. दसरूचा शेजारी, दोघं सकाळी एकाच सायकलवर कामाला आलेले. त्याने लेडल अधांतरी थांबवली. साहेब धावत आला. त्याने म्हणे घड्याळात बघितलं, कारण पोलाद थिजलं तर लेडलसकट वाया जातं.

“ओत,” साहेब म्हणाला. “माणसाने माल खराब होत नाही.”

हे वाक्य आमच्या गावात अजून कोणी मोठ्याने उच्चारत नाही. मी तुमच्यासाठी उच्चारलं, आता तोंड कडू झालं आहे.

बिसनने लेडल हळूच जमिनीवर टेकवली, क्रेनची किल्ली काढली आणि शिडीवरून खाली आला. साहेबाने दुसऱ्या क्रेनवाल्याला बोलावलं, तोही चढेना. सगळी पाळी लेडलभोवती उभी राहिली. पोलाद लाल होतं ते काळपट झालं, मग करडं झालं, आणि थिजलं. बिसनला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. पुढे तो विटांच्या भट्टीवर राबत मेला, पण ‘ओतलं असतं तर बरं झालं असतं’ असं तो कधी म्हणाला नाही.

दसरूची बायको पार्बता आली तेव्हा तिला दाखवायला काहीच नव्हतं. ती लेडलला पाठ लावून बसली. लोखंड अजून गरम होतं, तिच्या लुगड्याला चटका बसला, तरी ती उठली नाही, असं सांगतात.

पुढे कंपनीने लेडल कापून आतलं पोलाद विकायला कापणारे आणले. गावचा एकही तयार झाला नाही, म्हणून परगावचे आणले. आत काय आहे ते कळल्यावर त्यांनीही गॅसकटरच्या नळ्या गुंडाळल्या आणि निघून गेले. लेडल आवारात एका कोपऱ्यात पडून राहिली.

मग कारखाना तोट्यात गेला म्हणाले, आणि बंद केला. भंगारवाले आले. भट्ट्या, क्रेन, छपराचे पत्रे, कामगारांच्या संडासाची दारंसुद्धा नेली. तेवढी लेडल उरली. तेव्हा कुणा शहाण्याला सुचलं की हिचं स्मारक करू. ती चौकात आणली, सोनेरी रंग फासला, हार घातला. आणि फीत कापायला, थांबा, ऐका, म्हाताऱ्या पार्बताला बोलावलं.

पडद्याआड काय आहे ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मांडवात ती पुढाऱ्याचं भाषण ऐकत बसली होती. लेडलवरचा पडदा ओढला तशी तिने बघितलं आणि तिथेच खुर्चीशेजारी ओकली. तोंड पदराने पुसून ती लेडलपाशी गेली.

“ह्यात माहा माणूस हाय,” ती म्हणाली. “त्याले रंग कोनं फासला?”

पुढाऱ्याने म्हणे हसून हात जोडले आणि माइकवाल्याला गाणं लावायला सांगितलं. पार्बताने चौथऱ्याच्या बांधकामातून उरलेला विटेचा तुकडा उचलला आणि रंग घासायला लागली. आधी बिसनची सून उठली, मग कामगारांच्या वस्तीतल्या साऱ्या बाया उठल्या. गाणं वाजत राहिलं, पुढारी गाडीत बसून गेला, आणि बाया घासत राहिल्या. ऊन उतरेपर्यंत खालचं लोखंड उघडं पडलं होतं.

पार्बता गेली त्याला बरीच वर्षं झाली. आजही पालिका दर वर्षी स्मारकाच्या कार्यक्रमाआधी लेडल रंगवते, आणि कार्यक्रम उरकला की वस्तीतल्या बाया विटांचे तुकडे घेऊन येतात. हा जो सोनेरी रंग तुम्ही बघताय, तो परवाचा आहे, उद्या नसेल. घासून झालं की त्या हात धुवत नाहीत, तो गंज दसरूचा आहे म्हणतात. गंजाने लाल झालेल्या त्याच हातांनी घरी जाऊन भाकरी थापतात, आणि सगळं घर ती भाकरी खातं.