आडव्या मुसळाची कहाणी

ऐका विसाईबाई, तुमची कहाणी.

दिवस माथ्यावर येऊन दोन घटका झाल्या होत्या. बरोबर त्या वेळी येसूच्या तान्ह्या मुलीनं आईचं थान तोंडातून सोडलं आणि टाहो फोडला. दूध नव्हतं. इथून सगळं सुरू झालं.

कुठं झालं? एक नगर होतं, आटपाट म्हणतात तसलंच. त्याच्या कडेला पोहे कांडणाऱ्यांचं घर होतं. घरात सासू होती, मुलगा होता, सून होती. सुनेचं नाव येसू. तिला चार महिन्यांची मुलगी, तिचं नाव ठकी. घर गरीब, काम मोठं. मुलगा पोहे घेऊन गावोगाव हिंडे. सासू पाखडायला बसे. बाकीचं सगळं येसूकडे. भिजल्या साळी उपसाव्यात, खापरात भाजाव्यात, गरम आहेत तोवर उखळात घालून कांडाव्यात. निवल्या की पोहा होत नाही, चुरा होतो. म्हणून मुसळ हातात घेतलं की थांबायचं नाही.

मग येसूनं काय करावं? मुलीला उभ्यानंच पाजावं, एक डोळा खापरावर ठेवावा. रात्री डोळा लागला तर दचकून उठावं, मुलीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघावा. तीनदा उठावं, तीनदा बघावं. मी निजले आणि हिला काही झालं तर, असं सारखं मनात यावं. बोलायचं कुणाशी?

मग दूध आटत चाललं. आयाबाया म्हणाल्या, अळीव खा. तिनं खाल्ले. शतावरी घे. तिनं घेतली. खसखशीची खीर कर. तिनं केली. सगळं उभ्यानं खाल्लं, दूध काही आलं नाही. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं, ते मुलगी ओकून टाकी. ठकीच्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या.

मग श्रावण आला. त्या घरात विसाईची रीत होती. श्रावणातल्या बुधवारी कांडण बंद. मुसळ वर्षभर कोपऱ्यात उभं असतं, त्या दिवशी ते आडवं करायचं. घरात जे जे राबतं त्याला विसावा द्यायचा, म्हणजे विसाई पावते. येसूनं ठरवलं, यंदा मी हे नीट करीन. माझ्या ठकीला दूध मिळू दे.

पहिला बुधवार आला. येसूनं मुसळ धुतलं, पुसलं, गोधडी अंथरून तिच्यावर निजवलं. चूल विझवली, सारवून ठेवली. सूप झाडलं, भिंतीला टांगलं. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग दारात एक म्हातारी आली. पांढरे केस, हातात काठी. म्हणाली, "सूनबाई, सगळ्यांना विसावा मिळाला का?" येसू म्हणाली, मिळाला. म्हातारी म्हणाली, "नीट बघ. एक राहिलंय." आणि निघून गेली. दूध आलं नाही.

दुसरा बुधवार आला. येसू पहाटेच उठली. मुसळ, चूल, सूप झालं. मग जातं धुतलं, केरसुणी धुतली, विहिरीचा दोर धुऊन वाळत घातला. कंबर मोडून गेली. म्हातारी आली. सगळ्यांना मिळाला का? मिळाला, आजी. अजून एक राहिलंय, म्हणाली, आणि गेली. दूध आलं नाही.

तिसरा बुधवार आला. आता काय उरलं? येसूनं खिळ्याखुंट्या पुसल्या. गायीचे पाय चेपून दिले. शेवटी तिला वाटलं, उंबरा बिचारा रोज तुडवला जातो. तिनं उंबऱ्यावर गोधडी घातली आणि सगळ्यांना परसदारानं यायला सांगितलं. नवरा डोक्यावर रिकामी पाटी घेऊन घराला वळसा घालून आला, चिखलात घसरला. सासू म्हणाली, "आज उंबऱ्याला विसावा देतेस. उद्या भिंतींना म्हणशील, बसा घटकाभर. मग आम्ही राहायचं कुठं?"

म्हातारी आली. म्हणाली, तरी एक राहिलंय. मग येसू अंगणात मटकन बसली आणि रडायला लागली. मुलगी कडेवर, तीही रडायला लागली.

म्हातारीनं काठी बाजूला ठेवली. म्हणाली, "बये, मुसळ कुणाच्या हातानं चालतं?" माझ्या. "चूल कुणाच्या फुंकरीनं पेटते?" माझ्या. "आणि ह्या सगळ्यांना आज न्हाऊ कुणी घातलं?" मीच, आजी. "मग ज्या हातांनी सगळ्यांना निजवलं, त्यांना कुणी निजवलं?"

येसू हळूच म्हणाली, मला कुणी नीज म्हणालं नाही. म्हातारी म्हणाली, जा, विचारून ये.

येसू नवऱ्याकडे गेली. मी घटकाभर पडू का? तो चिखलाचे पाय धूत होता. म्हणाला, आईला विचार. येसू सासूकडे गेली. आत्याबाई, पडू का? सासूनं सूप हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. म्हणाली, "मला कुणी पड म्हणालं नाही गं. ते कसं म्हणतात, मला ठाऊक नाही." हे रागानं म्हणाली नाही, तिला खरंच ठाऊक नव्हतं. मग येसू भटजींकडे गेली. त्यांनी पंचांग उघडलं. पेरणीचा मुहूर्त होता, बारशाचा होता, चूल मांडायचा होता. बाईनं दुपारी आडवं व्हायचा मुहूर्त काही सापडला नाही.

येसू परत आली. आजी, कुणीच सांगत नाही. म्हातारी म्हणाली, "कुणी सांगायचंच नसतं. ते तुझ्याच तोंडून निघायचं असतं. वसा घेशील का? घेशील आणि चार बायका हसल्या म्हणून टाकशील." येसू म्हणाली, टाकणार नाही. मग म्हातारीनं वसा सांगितला. दर बुधवारी मुसळ आडवं करावं. त्याच्या शेजारी दुसरी गोधडी घालावी. आपलं नाव आपणच घ्यावं आणि तीनदा म्हणावं, येसू, आता तू पड, मी सांगते. मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं. ऊन सरकत तुळशीपाशी जाईतो उठू नये. घर सारवायचं राहिलं तर राहू द्यावं.

सगळं कबूल, पण मूल देणं अवघड. येसूनं ठकीला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि हात काही सुटेना. म्हणाली, आत्याबाई, तिचा श्वास बघाल ना?

सासू म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलं. घेतोय ना तो श्वास?"

मग येसूनं गोधडी घातली. येसू, आता तू पड, असं एकदा म्हणाली, तर लाज वाटली. दुसऱ्यांदा म्हणाली, तर रडू आलं. तिसऱ्यांदा म्हणाली, आणि पडली. आधी पाय निजल्या जागी चालत राहिले. खापर करपल्याचा वास आला, खापर तर चुलीवर नव्हतंच. मुलगी रडल्यासारखं वाटलं, मुलगी सासूचा पदर चघळत होती. मग पाय थांबले. मग येसूला झोप लागली.

ऊन तुळशीपाशी गेलं. येसू जागी झाली तर चोळी भिजलेली. घाबरली, काय झालं म्हणून. मग कळलं. धावत गेली नाही, चालत गेली. सासूच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली आणि ठकीला घेतलं. ठकीनं घोट घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. दूध हनुवटीवरून ओघळलं. नवरा दारातून बघत राहिला. म्हातारीला घोटभर ताक द्यावं म्हणून येसूनं वळून पाहिलं, तर अंगण रिकामं.

मग चौथा बुधवार आला. येसूनं मुसळ निजवलं, आपली गोधडी घातली. पाहते तर सासू खांबाला टेकून उभी, एक पाय दुसऱ्या पायावर चोळते आहे. येसूनं तिसरी गोधडी आणली. म्हणाली, आत्याबाई, तुमचं नाव काय? लग्न होऊन आल्यापासून सासूला कुणी नावानं हाक मारली नव्हती, ती सूनबाई झाली, मग आई झाली, मग आत्याबाई झाली. ती म्हणाली, "धोंडी."

मग म्हणा, येसू म्हणाली.

धोंडी, आता तू पड. पहिल्यांदा ओठ हलले, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा पुटपुटली. तिसऱ्यांदा आवाज फुटला, तो परसापर्यंत गेला. नवऱ्यानं तो ऐकला आणि मुलगी उचलून कडेवर घेतली. सासू सुनेच्या शेजारी पडली आणि घोरायला लागली.

घर पडलं नाही. पोहे दुसऱ्या दिवशी झाले, लांब आणि पांढरे झाले. ठकीच्या मांड्या भरल्या.

जशी विसाई येसूला पावली, धोंडीला पावली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांना पावो. साठ बोलांची होती, पाच बोलांत सांगितली, ही कहाणी सुफळ झाली, पुरी झाली.

आता इथून घरी जाल, तर वाटेत एका तरी बाईला ही सांगा. जिच्या कडेवर मूल आहे तिला आधी सांगा, आणि ती ऐकेतो तिचं मूल तुम्ही धरा.