भिवाची हजेरी

खडकाळीच्या कॉलेजात वर्कशॉपच्या दाराशी एक झिजलेली ऐरण आहे. हात लावून बघा, हरकत नाही. पण तिच्यावर उगाच काही आपटू नका. रिकाम्या ऐरणीवर घाव घालणे लोहाराच्या घरी अशुभ मानतात. इथे मात्र वर्षातून एकदा तो मुद्दाम घातला जातो.

असे सांगतात की, कॉलेज नव्हते तेव्हा दिवाळी सरली की आसपासची बारा गावे वीटभट्ट्यांवर निघून जात. मागे उरत म्हातारीकोतारी आणि रखमाजी लोहार. एका वर्षी त्याचा सख्खा भाऊ भट्टीवर गेला, तो परत आलाच नाही. तेव्हा रखमाजीने ऐरणीवर हात ठेवून शपथ घेतली, की या बारा गावांतून पोटासाठी बाहेर जाणे थांबेपर्यंत पायात वहाण घालणार नाही. ठिणग्या उडायच्या त्या आपल्या लोहारभट्टीपुढे तो अनवाणी उभा राहू लागला.

पुढे जोंधळे सरांनी माळावर कॉलेज काढले. त्यांच्याकडे ना अवजारे होती, ना शिकवणारा. रखमाजीने आपली ऐरण बैलगाडीत घालून तिथे नेली आणि घराण्याबाहेर कधी न गेलेली विद्या येईल त्याला शिकवली. घण घालायला त्याचा मुलगा भिवा असे. बापाच्या तोडीचा कारागीर. सर एकदा म्हणाले, "मिस्त्री, भिवाचंही नाव पटावर घालू या."

रखमाजी हसला. "घरच्या पोराला कागद कशाला, सर? त्याच्या हातातच हाय सगळं."

दहा वर्षांत माळाचे रूप पालटले. शिकलेल्या मुलांनी रस्त्याच्या कडेने वर्कशॉप टाकले, नांगर आणि ट्रॉल्या दूरदूर जाऊ लागल्या. खाणावळी आल्या, आठवड्याचा बाजार भरू लागला, बंद घरांची कुलपे निघाली. आणि रखमाजीच्या भट्टीकडे कुणी फिरकेना. भिवा वर्कशॉपांतून काम मागत हिंडला. मालक बापाचेच विद्यार्थी, पण मोठी कामे देणारे ठेकेदार प्रमाणपत्र बघत, आणि भिवापाशी ते नव्हते. बापाला सांगायची त्याला लाज वाटली, म्हणे.

त्या दिवाळीनंतर बारा गावांतून कुणीही गेले नाही. लोक नव्या वहाणा घेऊन वाजतगाजत रखमाजीकडे आले. शपथ पुरी झाली होती. त्याने पाय पुढे केला, तोच बायको सोनाबाई दारात आली. "भिवा पहाटंच वीटभट्टीवर गेला," एवढेच ती म्हणाली.

रखमाजीने पाय मागे घेतला. साऱ्या मुलखाला थांबवणाऱ्या त्या माणसाला घरचा एक थांबवता आला नाही. भिवा तिकडेच तापाने गेल्याचा निरोप होळीला आला, पण म्हाताऱ्याने तो कधी खरा मानला नाही. जूनमध्ये त्याने सरांना पटावर पहिले नाव भिवाचे लिहायला लावले. नाव पुकारले, उत्तर आले नाही. बराच वेळ दाराकडे बघून म्हाताऱ्याने रिकाम्या ऐरणीवर एक घाव घातला आणि दुसरे नाव घ्यायला सांगितले. मरेपर्यंत तो अनवाणीच राहिला.

त्या वहाणा ऑफिसच्या कपाटात आहेत, अजून कोऱ्या. आजही पहिल्या दिवशी सगळी मुले चपला बाहेर काढून उभी राहतात. पहिली हाक भिवा रखमाजी लोहार यालाच जाते. आणि घाव घालण्याआधी सगळे थोडा वेळ दाराकडे बघत थांबतात.