न वाजवता नेलेलं मडकं

त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटून आलं होतं. पाऊस नव्हता, नुसता ओलसर गार वारा. अशा हवेत ओली मडकी दोन-दोन दिवस सुकत नाहीत. नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा कुंभार होता, तो अशा दिवशी चाकाला हात लावत नसे. म्हणून तो लाकूडफाटा बघायला पलीकडच्या गावी गेला आणि अंगण आपल्या शिष्यावर सोपवून गेला.

शिष्य पंचविशीतला. हातानं चांगला, मनानं जरा घाईचा. त्याला येऊन चारच महिने झाले होते आणि म्हाताऱ्याची एक गोष्ट त्याला उमगत नव्हती. मडकी भाजायचा आवा उघडला, मडकी निवली, की म्हातारा एकेक मडकं कानाशी धरायचा आणि बोटाच्या पेरानं वाजवायचा. ज्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत, ते उचलून वर फळीवर ठेवायचा आणि त्यावर धुतलेलं फडकं टाकायचा. मग ते कुणीही मागो, द्यायचा नाही. एकदा एका व्यापाऱ्यानं लेकीच्या लग्नासाठी तेच हवं म्हणून हट्ट धरला. म्हातारा म्हणाला, "ते दिलेलं आहे, शेठ."

"कुणाला?"

"ते अजून ठाऊक नाही."

व्यापारी हसत निघून गेला. शिष्यही मनातल्या मनात हसला. वय झालं की माणूस असंच करतं, असं त्याला वाटलं.

तर त्या ढगाळ सकाळी शेजारच्या तुळसाकाकू घाईघाईनं अंगणात आल्या. डोळे लाल झाले होते. म्हणाल्या, "सोनजी नावाडी गेला रे. पहाटेच गेला. मडकं दे."

हे मडकं कसलं, ते सांगायला हवं. पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या घालतात. दर फेरीला मागचा माणूस दगडानं त्याला एक भोक पाडतो, पाण्याची धार लागते, आणि शेवटी मागे न बघता ते खांद्यावरून सोडून देतात. त्या गावची रीत अशी, की हे मडकं नेणारा ते वाजवून पाहत नाही. एरवी साधं गाडगं घेणारा माणूसही चार टिचक्या मारतो. त्या दिवशी मात्र हातात देतील ते घ्यायचं आणि निघायचं.

शिष्यानं फळीकडे पाहिलं. ते तर आबा कुणालाच देत नाहीत. मग त्याची नजर भिंतीशी लावलेल्या टाकाऊ मडक्यांकडे गेली. त्यातल्या एकाला केसाएवढी चीर होती. ती त्याला दिसली होती, खोटं कशाला सांगावं. पण मनात आलं, हे तासाभरात फुटायचंच आहे, चांगलं कशाला वाया घालवावं. त्यानं तेच दिलं. काकूंनी ते पदराखाली घेतलं आणि त्या गेल्या.

सोनजीला मुलगा नव्हता. एकच लेक, राही. पोरीनं मडकं धरावं हे तिच्या चुलत्याला पसंत नव्हतं. पण सोनजीनं मरण्याआधी चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "मला पाणी माझी राहीच देईल." चुलता अखेर म्हणाला, "करू दे तर. पण काही विपरीत झालं, तर बोल तिच्यावर."

आणि झालं तसंच. पहिल्याच फेरीत, दगडाच्या पहिल्याच घावाला मडक्याची दोन शकलं झाली. सगळं पाणी राहीच्या अंगावर सांडलं. हातात राहिला तो नुसता गळ्याचा काठ.

मग चुलता म्हणाला, "मी सांगत होतो. पोरीच्या खांद्याचं हे काम नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "बापाचं पाणी तीन फेऱ्यासुद्धा टिकलं नाही हिच्या हातून."

राहीनं वर पाहिलं नाही. उरलेल्या दोन फेऱ्या तिनं तो फुटका काठ खांद्यावर धरून घातल्या. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

शिष्य त्याच गर्दीत उभा होता. 'मडकं मी दिलं' हे शब्द तोंडाशी आले आणि तिथंच विरले. कुणी त्याला विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून त्याला बरं वाटलं, आणि पुढे त्या बरं वाटण्याचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली.

संध्याकाळी म्हातारा परतला. वाटेतच त्याला सारं कळलं होतं. त्यानं फळीवरचं फडकं बाजूला केलं. मडकं जागच्या जागी. मग भिंतीशी पाहिलं, तिथल्या रांगेत एक जागा मोकळी. त्यानं फळीवरचं मडकं खाली घेतलं आणि शिष्यापुढे धरलं. "वाजव."

खणखणीत वाजलं.

मग भिंतीजवळचं एक चिरलेलं पुढे केलं. "आता हे."

बद्द आवाज आला.

"म्हणजे तुला कळत नाही असं नाही."

"कळतं, आबा." शिष्याची मान खालीच होती. "फुटायचंच होतं, म्हणून..."

म्हातारा त्याच्याजवळ जमिनीवर बसला. सावकाश म्हणाला, "अरे, घागर घ्यायला माणूस येतो, तो वाजवून बघतो, उलटी करून बघतो, दुसरी दाखव म्हणतो. तिथं आपण चुकलो तरी तो सावध असतो. पण मयताच्या घरून कुणी येतं, तेव्हा त्याचे डोळे-कान घरीच राहिलेले असतात. दिलं ते घेतं. त्या दिवशी ऐकायचं काम आपल्या कानांचं. मडकं तासाभरात फुटतं हे खरं. पण तो तास त्या घराला जन्मभर आठवतो. म्हणून सगळ्यांत चांगलं असेल ते फळीवर." मग तो म्हणाला, "आणि चूक तुझ्या एकट्याची नाही. ते वर का ठेवतो, हे मी तुला तोंडानं कधी सांगितलं नाही. आपोआप कळेल म्हणून बसलो. माझीही मान खालीच आहे."

"मी उद्या जाऊन राहीताईंच्या पाया पडतो."

"तिच्या एकटीच्या पाया पडून काय होणार? बोल तिला सगळ्यांसमोर लागला. दहाव्याला नदीवर सगळे जमतील."

दहाव्या दिवशी शिष्य नदीवर गेला. लोकांसमोर उभा राहून एवढंच म्हणाला, "मडकं चिरलेलं होतं. मला दिसलं होतं, तरी मी दिलं. यात राहीताईंच्या हाताचा दोष नाही."

चुलता तडकला. "आता सांगतोस? दहा दिवस काय मडकी भाजत होतास?"

मग चुलत्यानंच पाण्याचा तांब्या उचलला आणि बापाला पाणी द्यायला राहीच्या हातात दिला. तिनं तो घेतला. शिष्याकडे बघून ती शांतपणे म्हणाली, "माझा बाप रोज सकाळी नावेच्या तळावरून हात फिरवायचा. कुठं पाणी शिरत नाही ना, ते बघायचा. मगच माणूस बसवायचा."

ती रागावली असती तर सोसलं असतं. तो तसाच खाली बघत घरी आला.

पुढे ऊन पडलं, मडकी सुकली, आवा लागला. उघडला त्या दिवशी म्हातारा बाजूला बसून राहिला. म्हणाला, "आज तू ऐक."

शिष्यानं एकेक मडकं कानाशी धरलं. एक निवडलं, पुन्हा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं. फडकं धुऊन आणलं आणि मडकं फळीवर ठेवलं.

कुंपणापलीकडून तुळसाकाकू हे बघत होत्या. त्यांचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळले होते. काकू दिसताच शिष्याची मान पुन्हा खाली गेली. ते मडकं त्यांनीच तर पदराखाली धरून नेलं होतं.

काकू कुंपणाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "असं बोलू नये, पण बोलते, बाबा. आमच्याकडे आता फार दिवस उरले नाहीत. त्या दिवशी मडकं न्यायला मीच येईन. आणि मी वाजवून बघणार नाही."