कथेत शिवलेला कावळा

"बुवा, दुःख लिहून काढलं की हलकं होतं म्हणतात. मग माझं का होत नाही?"

चिंधूबुवा भाकरी कुस्करत बसले होते. नदीकाठच्या त्यांच्या मठात अशी गाऱ्हाणी घेऊन रोज कोणी ना कोणी यायचंच. पण विश्राम कुलथे म्हणजे काही ऐरागैरा नव्हे, नावाजलेला कथाकार. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं.

"काय लिहिलंस?"

विश्रामनं दिवाळी अंक पुढे केला. थोरला भाऊ गेला, त्याच्या दहाव्याची कथा. तिला बक्षीस मिळालं होतं. वाचून रडू आवरलं नाही, अशी पत्रंही आली होती.

"तूच वाच."

त्यानं वाचली. घाटावर पिंड मांडलेला. झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली असणार, म्हणून माणसं हात जोडून एकेक वचन देऊ लागतात. तरी कावळा शिवेना. शेवटी धाकटा भाऊ पुढे होतो आणि म्हणतो, 'अण्णा, तुझी कस्तुरी आजपासून माझी लेक.' त्यासरशी कावळा झेपावतो...

विश्रामनं डोळे टिपले. त्या ओळीला तो नेहमीच टिपायचा.

"घाटावर असंच झालं?" बुवांनी विचारलं.

"कथेत थोडं इकडचं तिकडं करावं लागतं, बुवा."

"किती?"

विश्रामनं अंक मिटला.

"कावळा शिवलाच नाही. तीन तास वाट पाहिली. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला."

"आणि तू काय म्हणालास?"

विश्राम नदीकडे बघू लागला. त्या दिवशीही त्यानं हेच केलं होतं. सगळे नातेवाईक त्याच्या तोंडाकडे बघत होते. आई आधीच गेलेली पाच वर्षांची कस्तुरी त्याचं बोट धरून उभी होती. घरून निघताना बायकोनं बजावलं होतं, नसती जबाबदारी गळ्यात घेऊ नका. त्याची जीभ रेटली नाही.

"काहीच नाही म्हणालो. अण्णा माझ्यावर रागावून गेला, बुवा. तेच खातंय मला."

बुवा उठले. कुस्करलेल्या भाकरीचं ताट ओट्यावर ठेवून त्यांनी टाळी वाजवली. कावळ्यांचा थवा खाली उतरला आणि बघता बघता ताट रिकामं झालं.

"घाटावरचेच हे. रोज सकाळी घालतो. पोट भरलं की दुपारपर्यंत कशाला शिवत नाहीत."

विश्राम बघतच राहिला.

"त्या दिवशीही घातलं होतं?"

"रोज घालतो म्हटलं ना."

"म्हणजे... अण्णा रागावला नव्हता?"

"अण्णाचं मला काय ठाऊक."

पण विश्रामनं तेवढ्यावरच सुटकेचा श्वास सोडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. कथेला नवा शेवट सुचत होता, आधीच्यापेक्षा सरस. त्यानं घाईनं खिशातलं पेन काढलं.

बुवा ताट विसळू लागले.

"कस्तुरी कुठे असते रे?"

"बालगृहात," तो लिहिता लिहिता म्हणाला. "चांगलं आहे तसं. शाळेतही घातलंय तिला."

"मग आता वाचायला शिकली असेल."