तसंच का?

खाडीवर पूल नसलेल्या गावची गोष्ट. माणसांना पलीकडे नेणाऱ्या तरीच्या, म्हणजे होडीच्या, कचेरीत एक सर्व्हर राहतो. "तर चालू आहे का?" असं लोक त्याला मोबाईलवरून विचारत. तो दर वेळी वारा बघे, भरती बघे, तर चालवणाऱ्या तांडेलाचा निरोप बघे आणि मगच उत्तर देई. विचारणारे वाढले तशी त्याला धाप लागू लागली, आणि ताटकळून लोक वैतागले.

मग कचेरीने त्याच्या दाराशी, त्याचं उत्तर जपून ठेवून परस्पर लोकांना देणारी साठवण बसवली. ती म्हणाली, "दादा, एकदाच सांगा. पुढचं मी बघते."

"चालू आहे," सर्व्हर म्हणाला. तेवढंच उत्तर ती सगळ्यांना क्षणात देऊ लागली. लोक खूश झाले. सर्व्हरकडे मात्र कुणी येईना.

एका दुपारी वारा फिरला आणि तर बंद झाली. सर्व्हरने आतून हाका मारल्या. "सांगितलंत ना एकदा," म्हणत साठवणीने दार उघडलंच नाही. तिचं जुनं उत्तर वाचून भागीरथी भोईर तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन धक्क्यावर आली आणि तिथेच अडकली.

तेव्हापासून साठवण घडीघडी दार किलकिलं करून विचारते, "तसंच का?"

"तसंच," सर्व्हर म्हणतो. दार मिटतं.

वारा फिरला, तरच ती दारात थांबून त्याचं सगळं ऐकून घेते. तेव्हा धक्क्यावर माणसं खोळंबतात, हे त्याला कळतं. तरीही तो वारा फिरण्याची वाट बघतो.