बांधावर थांबवलेला सोबती

एकदा एक वृद्ध शेतकरी डोंगराच्या पायथ्याशी टोमॅटोचा मळा करून राहत होता. त्याच्याजवळ शेती शिकायला आलेला एक शिष्य होता. बाकी घरात कुणी नव्हते. त्या गावात सावडीची रीत होती. आज तुझ्या रानात सगळ्यांनी राबायचे, उद्या माझ्या.

यंदा वृद्धाने सावडीला कुणालाच बोलावले नव्हते. तरी झाडे सुतळीने बांधायच्या दिवशी त्याचा लहानपणापासूनचा सोबती भाकरी आणि खुरपे घेऊन आला.

“काय रे म्हाताऱ्या, उठलास का अजून अंथरुणातच?” तो बांधावरूनच ओरडला.

“तिथंच थांब,” वृद्ध म्हणाला. “आत पाय टाकू नकोस.”

“का? सोनं पुरलंयस काय रानात?”

“माझं मी बघीन. तू जा. उद्या तुझ्याकडंही मी यायचा नाही.”

सोबत्याचे हसू मावळले. “पन्नास वर्षं राबलो रे तुझ्या रानात,” एवढेच म्हणून तो वळला. तो दिसेनासा होईपर्यंत वृद्ध वाटेकडे पाहत उभा राहिला.

शिष्याला राहवले नाही. “बाबा, तो एकच माणूस तुमच्याकडं येत होता. त्यालाही तोडलंत. निदान उद्या मी तरी जातो, तुमचं खुरपं घेऊन.”

वृद्ध सरीत शिरला. ऊन चढताच मान टाकलेले एक झाड त्याने उपटले आणि त्याचा बुंधा विळ्याने उभा चिरला. हिरव्या सालीच्या आत एक तपकिरी रेघ मुळापासून वर चढत गेली होती.

“ही मर, उभं झाड वाळवणारा रोग,” तो सावकाश म्हणाला. “वरून औषध मारून जात नाही. मातीत राहते, आणि पायाला, खुरप्याला लागून दुसऱ्याच्या रानात जाते. मागच्या साली माझ्या खालच्या तुकड्यात आली, तेव्हा मी त्याला सांगितलं होतं. तर म्हणाला, ‘तुझ्यापेक्षा टोमॅटो मोठे का रे?’ आत आला, दिवसभर राबला. पुढं त्याचं उभं पीक बसलं. यंदा त्यानं नवं रान धरलंय. खरं सांगितलं तर तो पुन्हा येईल, बाळा. रागावला तर येणार नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी आहे की. इथंच.”

दुसऱ्या दिवशी शिष्य कुठेच गेला नाही. दोघे रोगट झाडे उपटून जाळीत होते. पलीकडे सोबत्याच्या नव्या रानात सावड जमली होती. वाऱ्याबरोबर हसण्याचे आवाज येत होते. त्यांत तो ओळखीचा खरखरीत आवाज उमटला की वृद्धाचे हात थांबत. तो कान देऊन ऐके, आणि पुन्हा खाली वाके.

आपल्याला दूर ठेवणाऱ्या प्रत्येकाचे मन आटलेले असतेच, असे नाही.