मिरीच्या पिल्लांना ऊब मिळेना

एक होती उंदरी. डोळे काळ्या मिरीसारखे, म्हणून नाव मिरी. ती राहायची कुठे? जोमाकाकांच्या मासेमारीच्या बोटीत. इंजिनाच्या अगदी शेजारी, एका चिंधीत. तिला चार पिल्लं होती. इवली इवली, गुलाबी गुलाबी.

रोज सकाळी जोमाकाका इंजिन लावायचे. धक् धक् धक्! इंजिन तापायचं. चिंधी तापायची. पिल्लं मस्त गुरगुटून झोपायची.

एके दिवशी काय झालं, बोटीचा मीटर फुटला. इंजिन किती तापलं ते सांगणारा गोल मीटर हो! काकांनी नवा मीटर बसवला. इंजिनाचा ताप ओळखणारा सेन्सरही नवा बसवला. इंजिन लावलं. धक् धक् धक्! जरा वेळाने हात लावून पाहिला. इंजिन गरम, आणि काटा शून्यावर! काकांनी इंजिन बंद केलं. फुस्स!

थंडीचे दिवस. गार गार वारा. पिल्लं लागली कुडकुडायला. कुडकुड कुडकुड! मिरीचा जीव कासावीस झाला. ती निघाली काकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

“काका, काका, इंजिन लावा ना!
माझ्या पिल्लांना ऊब मिळेना!”

काका म्हणाले, “मी नाही बाई लावणार! इंजिन भाजून निघालं तर मला कळणार कसं? आधी काटा हलू दे, मग मी लावीन.”

मिरी गेली काट्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

“काटेदादा, काटेदादा, हल ना!
इंजिन चालेना,
माझ्या पिल्लांना ऊब मिळेना!”

काटा म्हणाला, “मी नाही बाई हलणार! मी नवा कोरा, चकाचक. मला कुणी काही सांगितलंय का? आधी वायर सांगू दे, मग मी हलेन.”

मिरी गेली वायरकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

“वायरताई, वायरताई, सांग ना!
काटा हलेना,
इंजिन चालेना,
माझ्या पिल्लांना ऊब मिळेना!”

वायर म्हणाली, “मी नाही बाई सांगणार! मनाचं कसं सांगू? आधी सेन्सर बोलू दे, मग मी सांगेन.”

सेन्सर बसला होता इंजिनाच्या भोकात. अंगठ्याएवढा, गप्प गप्प. मिरी गेली त्याच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

“सेन्सरदादा, सेन्सरदादा, बोल ना!
वायर सांगेना,
काटा हलेना,
इंजिन चालेना,
माझ्या पिल्लांना ऊब मिळेना!”

सेन्सर म्हणाला, “मी नाही बाई बोलणार! लोखंडाला टेकलो तरच मी बोलतो. इथे मधे रंगच रंग! आधी रंग निघू दे, मग मी बोलेन.”

रंग होता हिरवागार. ऐट तर काय विचारू नका! मिरी गेली त्याच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

“रंगराव, रंगराव, निघा ना!
सेन्सर बोलेना,
वायर सांगेना,
काटा हलेना,
इंजिन चालेना,
माझ्या पिल्लांना ऊब मिळेना!”

रंग म्हणाला, “मी नाही बाई निघणार! मला चांगुणाकाकूंनी हौसेने लावलंय. आधी काकू खरवडू देत, मग मी निघेन.”

चांगुणाकाकू म्हणजे जोमाकाकांची बायको. बसल्या होत्या जाळं शिवत. मिरी धावली. तुरुतुरु तुरुतुरु!

“काकू, काकू, खरवडा ना!
रंग निघेना,
सेन्सर बोलेना,
वायर सांगेना,
काटा हलेना,
इंजिन चालेना,
माझ्या पिल्लांना ऊब मिळेना!”

काकूंनी कपाळावर हात मारला. “अगं बया! जुना सेन्सर काढला ना, तेव्हाच मी इंजिन रंगवलं. भोकातसुद्धा ब्रश फिरवला की गं!”

काकूंनी पाना घेतला. कुर्र कुर्र! सेन्सर बाहेर काढला. पण भोक केवढंसं! सुरी आत वळेना. नखाने रंग निघेना.

“आता गं?” काकू म्हणाल्या.

मिरीने भोकाकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं. कुडकुड कुडकुड!

“सरका बरं जरा!” मिरी म्हणाली, आणि शिरली की भोकात!

कुरुम कुरुम. थू!
कुरुम कुरुम. थू!

खाल्ला नाही हं तिने. रंग काय खायचा असतो? शी!

लोखंड कसं लख्ख झालं! मिरी बाहेर आली. नाक हिरवं, मिशा हिरव्या! काकूंनी सेन्सर परत बसवला आणि हाक मारली, “अहो, लावा इंजिन!”

“अगं, पण काटा...”

“लावा म्हणते ना!”

काकांनी लावलं बाई एकदाचं. धक् धक् धक्! इंजिन तापू लागलं. सगळे बघत बसले. आणि मग?

रंग निघाला होता,
म्हणून सेन्सर बोलला,
वायरने सांगितलं,
काटा हलला!

हळूच उठला. वर वर चढला. बरोब्बर मधोमध थांबला! काका तर नाचायलाच लागले. “शाब्बास मिरे, शाब्बास! आजपासून ही इंजिनाशेजारची जागा तुझी. कुणी तुला हुसकावलं, तर गाठ माझ्याशी आहे!”

बोट निघाली समुद्राला. धक् धक् धक्! चिंधी झाली गरम गरम. मिरी शिरली पिल्लांच्या मधे. दोन इकडे, दोन तिकडे.

इंजिन थांबेना,
काटा बिघडेना,
पिल्लांना थंडी वाजेना!

मिरी निजली इंजिनापाशी,
गोष्ट निजली तुमच्या उशाशी.